असईच्या रणातला हॅनोव्हरचा सार्जंट

अँथनी पोलमन जन्माने जर्मन, हॅनोव्हरचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी दौलतराव शिंद्यांचे कवायती पायदळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर उभे राहिले, तेव्हा त्या पायदळाची सूत्रे पोलमनच्या हाती होती. भारतात तो आला तो साधा सार्जंट म्हणून, तेही इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या एका जर्मन पलटणीतून. शिंद्यांकडे गेल्यावर दहा-बारा वर्षांत तो त्यांचा कर्नल झाला, राजपुतान्यात लढला आणि दख्खनेत कंपनीविरुद्ध उभा ठाकला. युद्धानंतर तो पुन्हा कंपनीच्याच चाकरीत गेला. मराठी शाळांच्या इतिहासात वसईचा तह, असई, आडगाव, गाविलगड आणि सुर्जी-अंजनगाव ही नावे एका दमात येतात. त्यात पोलमनचे नाव सहसा नसते. असईला मराठ्यांचे काय चुकले आणि काय चुकले नाही, हे समजायचे असेल तर या माणसाची कारकीर्द पाहणे भाग आहे.

अठराव्या शतकात जर्मनी नावाचे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी अनेक राज्ये होती आणि त्यांत लष्करी बाबतीत प्रशियाचा दरारा सर्वांत मोठा. फ्रेडरिक द ग्रेटने १७४० ते १७८६ या काळात प्रशियाच्या पायदळाला जी कवायत लावली, ती सगळ्या युरोपाने पाहून पाहून उचलली. सरळ रांगेत चालायचे, हुकमासरशी बंदुका भरायच्या, एकदम बार काढायचा आणि सबंध फळीची दिशा तोफांच्या माऱ्याखालीही बदलायची, असा तो शिरस्ता. हॅनोव्हर हे प्रशियाचे शेजारी राज्य. त्याचा अधिपती आणि इंग्लंडचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. त्यामुळे कंपनीला हैदरअलीशी आणि फ्रेंचांशी लढायला गोऱ्या पायदळाची गरज भासली, तेव्हा जॉर्जने आपल्या जर्मन प्रजेतून १७८१ मध्ये दोन रेजिमेंट उभारून दिल्या. त्या मद्रासला उतरल्या आणि जून १७८३ मध्ये कडलूरच्या वेढ्यात फ्रेंचांविरुद्ध लढल्या. तहाची बातमी आल्यावर वेढा उठला, पण रेजिमेंट पुढची काही वर्षे मद्रास इलाख्यातच राहिल्या आणि १७९१-९२ च्या सुमारास मायदेशी परतल्या.

याच जर्मन तुकड्यांबरोबर कार्ल ऑगस्ट श्लेगेल नावाचा एक तरुण अधिकारी आला होता. कर्नाटक प्रांताच्या नकाशाचे काम करता करता १७८९ मध्ये तो मद्रासला वारला. त्याचे धाकटे भाऊ ऑगस्ट विल्हेल्म आणि फ्रीड्रिख हे जर्मनीतल्या संस्कृत अभ्यासाचे आद्य प्रवर्तक ठरले. प्रशियाच्या राजाने बॉनला नवे विद्यापीठ काढले, तेव्हा ऑगस्ट विल्हेल्म तिथे प्राध्यापक झाला आणि १८२३ मध्ये त्याने भगवद्गीतेची संस्कृत संहिता लॅटिन भाषांतरासह छापली. हॅनोव्हरच्या त्या दोन रेजिमेंटांचा भारताशी असा दुहेरी संबंध जडला. एका घराला त्यातून गीता मिळाली, तर एका सार्जंटला मराठ्यांची फौज.

रेजिमेंट परतल्या तरी सगळे शिपाई परतले नाहीत. मद्रासच्या हवेत जगून वाचलेल्या कसलेल्या सार्जंटला युरोपात पुन्हा तुटपुंज्या पगाराची सार्जंटकीच करायची होती. उत्तरेत मात्र महादजी शिंद्यांच्या छावणीत त्याच माणसाला अधिकारी होता येत होते. पोलमनने १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच वाट धरली.

महादजींच्या कवायती फौजेचा पाया घातला तो सॅव्हॉयमधल्या शांबेरीच्या बन्वा द बॉयन याने. मराठी कागदांत आणि बोलण्यात त्याचे ‘डी बॉयन’ झाले. १७८४ मध्ये तो शिंद्यांकडे आला. १७९० साली जूनमध्ये पाटणला आणि सप्टेंबरात मेडत्याला त्याच्या पलटणींनी राजपूत घोडदळाचे हल्ले रांगेत उभे राहून परतवले. त्यानंतर महादजींनी हात सैल सोडला. अलिगडभोवतीचा सुपीक मुलूख फौजेच्या खर्चासाठी जायदाद म्हणून तोडून दिला, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला आणि पलटणींचे कंपू उभे राहिले. कंपू म्हणजे आजच्या भाषेत ब्रिगेड. त्यात बंदूक-संगीनधारी तेलंगे असत, तोड्याच्या बंदुका वापरणारे नजीब असत, घोडेस्वार असत आणि प्रत्येक पलटणीबरोबर तिच्या स्वतःच्या तोफा व गोलंदाज असत. जखमी शिपायाला नुकसानभरपाई मिळे आणि पगार वेळेवर होई. जुन्या सरंजामी फौजांत पगारासाठी धरणे धरून बसण्याची वेळ शिपायांवर वारंवार येई, तिथे या नियमितपणाचे मोल मोठे होते.

अधिकाऱ्यांचे वेतन ठरलेले होते. हिंदुस्थानात कर्नलला महिना ३,००० रुपये, कॅप्टनला ४००, तर सर्वांत खालच्या एन्साइनला १५०. दख्खनेत चाकरी लागली की त्यात निम्म्याने वाढ. फ्रेंच, इटालियन, डच, स्कॉट, आयरिश, जर्मन अशा नाना देशांचे लोक या यादीत होते. युरोपियन बाप आणि हिंदी आई यांची मुलेही होती. कंपनीच्या फौजेत त्यांना अधिकारी होण्याची दारे बंद झाली होती. जेम्स स्किनर हा त्यांतलाच. जर्मन बोलणारेही पोलमनच्या आधी येऊन गेले होते. वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू हा त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध. त्याच्या पश्चात सरधन्याची बेगम समरू त्याच्या पलटणी चालवत होती आणि त्याच पलटणी पुढे असईला पोलमनच्या शेजारी उभ्या राहिल्या.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. गादीवर आला तो जेमतेम पंधरा वर्षांचा दौलतराव. १७९५ च्या अखेरीस डी बॉयनने चाकरी सोडली. जाताना त्याने दौलतरावाला दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे. इंग्रजांना या पलटणींचा हेवा वाटेल असे काही करू नये आणि वेळ आलीच तर लढण्यापेक्षा पलटणी मोडून टाकाव्यात, असे त्याचे म्हणणे. आपण स्वतः इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, ही अट तर त्याने चाकरीच्या करारातच घालून घेतली होती. महादजींनी ती मान्य केली हे नजरेआड करू नये. ज्या शत्रूशी एक दिवस गाठ पडणार होती, त्याच्याशीच लढायला नकार देणाऱ्या माणसाकडून फौज बांधून घेतली गेली. शिपाई मनापासून लढणारा आणि सेनापती कराराने बांधलेला, ही विसंगती या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून होती.

डी बॉयननंतर पेरॉन हा फ्रेंच अधिकारी सरसेनापती झाला आणि त्याच्या हाताखाली पोलमन वर चढत गेला. १८०० साल उजाडले तेव्हा त्याच्याकडे एका सबंध कंपूची सत्ता होती. एप्रिल १८०० मध्ये, आजच्या राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याला जयपूरच्या प्रतापसिंहाशी लढाई झाली. मराठी फौजेचे मुखत्यार होते लखबादादा लाड आणि कवायती पायदळ होते पोलमनकडे. जयपूरच्या बाजूने आलेल्या राठोड स्वारांनी दौड केली आणि होळकरांच्या बाजूने आलेला दुद्रनेकचा कंपू त्यांनी घोड्यांच्या टापांखाली तुडवून काढला. पोलमनच्या पलटणींनी मात्र फळी मोडू दिली नाही. तोफांचा आणि बंदुकांचा मारा लावून त्यांनी राठोडांना मागे रेटले आणि मग जयपूरचे पायदळही टिकले नाही.

या लढाईत तरुण स्किनर पोलमनच्या हाताखाली होता. शत्रू पळाल्यावर तो जयपूरच्या राजाच्या ओस पडलेल्या डेऱ्यात शिरला. तिथे त्याला एक पितळी मासा सापडला, दोन्ही बाजूंना मिशांसारख्या चवऱ्या लटकवलेला. गंमत म्हणून त्याने तो घोड्याला टांगला. परतल्यावर लखबादादांच्या नजरेला पडला तेव्हा कळले की हा माहीमरातब, बादशहाने राजाला दिलेले मानचिन्ह. मासा हाती लागणे म्हणजे राजाची अब्रू हाती लागणे. स्किनरला त्याबद्दल सन्मानाचा पोशाख मिळाला.

त्या काळात पोलमन कसा राहत होता याचे वर्णन एका समकालीनाने केले आहे. माणूस खुशालचेंडू आणि गप्पिष्ट. थाट हिंदी राजाचा. घरात जनाना आणि स्वारी नेहमी हत्तीवरून. बरोबर मोगल शरीररक्षकांची तुकडी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे जांभळे झगे आणि चाल मात्र इंग्रजी रिसाल्यासारखी ओळीत. शरीररक्षक मोगलाई पेहरावाचे आणि पावले युरोपी कवायतीची, हे दृश्य त्या सबंध फौजेचेच छोटे रूप होते. सार्जंट असताना ज्याला अधिकाऱ्यांच्या तंबूबाहेर उभे राहावे लागे, त्याने शिंद्यांच्या राज्यात स्वतःचा दरबार थाटला होता.

इकडे पुण्यात घरातल्या घरात आग लागली होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेचा तह केला. १३ मे १८०३ रोजी वेलस्लीच्या संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा पुण्याच्या मसनदीवर बसला. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. त्यांची छावणी दख्खनेत निजामाच्या सरहद्दीवर पडली होती आणि पोलमनचा कंपू दौलतरावांबरोबरच होता. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स ऑगस्टच्या सुरुवातीला छावणीतून निघून गेला आणि लढाईला तोंड लागले. ८ ऑगस्टला वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली, १२ तारखेला किल्ला पडला.

त्याच ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने एक जाहीरनामा काढला. शिंद्यांच्या फौजेतल्या ब्रिटिश प्रजेने चाकरी सोडून यावे, नुकसान होऊ दिले जाणार नाही, असा त्याचा आशय. तोफेच्या गोळ्यापेक्षा हा कागद शिंद्यांना महागात पडला. उत्तरेत पेरॉनचा आपल्या ब्रिटिश वंशाच्या अधिकाऱ्यांवरचा विश्वास आधीच उडाला होता. त्याने स्किनरसकट कित्येकांना काढून टाकले. उत्तरेतला इंग्रज सेनापती लॉर्ड लेक याने ४ सप्टेंबरला अलिगड घेताच पेरॉन स्वतःच इंग्रजांच्या हवाली झाला. म्हणजे दख्खनेत पोलमन लढाईला उभा राहिला, तेव्हा ज्याच्या हुकमाने तो चाकरी करत होता, त्या सरसेनापतीने आधीच मैदान सोडले होते.

शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरली. त्यांचा पाठलाग वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन वेगवेगळ्या वाटांनी करत होते. २१ सप्टेंबरला बदनापूरला दोघांची भेट झाली. मधल्या डोंगरांच्या दोन बाजूंनी जायचे आणि २४ तारखेला भोकरदनकडे एकत्र तुटून पडायचे, असा बेत ठरला. पण २३ तारखेला दुपारी वेलस्लीला बातमी लागली की मराठ्यांची छावणी भोकरदनला नसून अगदी समोर, काही मैलांवर आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहिली तर ती हातची जाईल अशी त्याला भीती वाटली आणि त्याने एकट्यानेच हल्ला करायचे ठरवले.

केळणा आणि जुई या दोन नद्या इथे जवळजवळ समांतर वाहतात आणि पुढे पूर्वेला एकमेकींना मिळतात. त्यामुळे दोहोंच्या मध्ये जिभेसारखी निमुळती जमीन तयार झाली आहे. या जिभेवर मराठी फौज पसरली होती. पश्चिमेला भोकरदनपर्यंत घोडदळ आणि पूर्वेच्या टोकाला पायदळ. पायदळाचे तोंड दक्षिणेला, पुढे केळणेचे पात्र. पाठीमागे जुईच्या काठी असई, मातीच्या भिंती असलेले गाव. कवायती पायदळ सुमारे १०,८००. त्यात पोलमनचा कंपू सर्वांत मोठा. बेगम समरूच्या पलटणी सालेर नावाच्या अधिकाऱ्याकडे आणि तिसरा लहान कंपू ड्युपाँकडे. तोफा शंभराच्या आसपास. घोडदळाचे इंग्रजी अंदाज तीस हजारांच्या वरचे आहेत. वेलस्लीच्या हाताशी म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ सोडले तर सुमारे सात हजार माणसे होती आणि प्रत्यक्ष मुख्य झुंजीत उतरली ती त्याहूनही कमी, सुमारे साडेचार हजार.

केळणा थेट समोरून ओलांडणे म्हणजे शंभर तोफांच्या तोंडी जाणे. वाटाड्यांनी दुसरा उतार नाही असे सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर पूर्वेला नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर होती, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरची गावे उताराशिवाय वसत नाहीत, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. दुपारी तीनच्या सुमारास त्याची फौज तिथून पार झाली. गोळे तिथपर्यंत पोचत होते. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके एका गोळ्याने उडाले. पण त्या उतारावर मराठ्यांची एकही चौकी नव्हती. फौज पाण्यात असताना घोडदळानेही तिच्यावर झडप घातली नाही. पोलमनच्या हातून झालेली ही खरी चूक. नदीच्या भरवशावर तोंड दक्षिणेला करून बसल्यावर डाव्या बगलेचा उतार उघडा टाकणे, हे कोणत्याही कवायती फौजेच्या सेनापतीला शोभणारे नव्हते.

त्यानंतर जे घडले ते मात्र वेलस्लीच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्याची अटकळ अशी की हिंदी पायदळ एकदा मांडले की हलत नाही, तेव्हा पूर्वेकडून आलो की त्याच्या उघड्या कुशीत शिरता येईल. त्याची माणसे उतारातून वर येऊन रांगा लावत असताना पोलमनने आपली सबंध फळी नव्वद अंशांत फिरवली.

ही गोष्ट कागदावर एका ओळीची आहे. मैदानावर ती फार अवघड. हजारो माणसे दक्षिणेकडे तोंड करून लांबच लांब उभी आहेत. प्रत्येक तुकडीने जागच्या जागी वळायचे, नव्या रेषेपर्यंत चालत जायचे, शेजारच्या तुकडीशी खांदा जुळवायचा आणि पुन्हा सरळ उभे राहायचे. मधे अंतर पडले तर शत्रू त्यात घुसतो, गर्दी झाली तर बंदुका चालत नाहीत. बैलांनी ओढायच्या तोफा, दारूगोळ्याच्या गाड्या आणि गोलंदाज हे सगळे त्याच वेळी नव्या जागी न्यायचे. शत्रू समोर, हाकेच्या नव्हे तरी तोफेच्या टप्प्यात. युरोपातल्या फौजांचाही अशा वेळी विचका होत असे. इथे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या तेलंग्यांनी आणि नजिबांनी ती फिरकी पुरी केली. फळीचा उजवा हात केळणेला टेकला, डावा असईला, आणि मधे तोफांची रांग. उघडी कूस शोधायला आलेल्या वेलस्लीला पुन्हा समोरासमोरच्या तोफांना तोंड द्यावे लागले. आपली फळी असईपर्यंत लांबवण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही.

तोफा सुरू झाल्या आणि वेलस्लीच्या हलक्या तोफांचे बैल आणि गोलंदाज काही वेळात निकामी झाले. तोफा मागे टाकून पायदळाने संगिनी रोखून पुढे जायचे, एवढाच मार्ग राहिला. दक्षिणेला, केळणेच्या बाजूला, ७८ वी हायलँडर्स आणि मद्रासच्या पलटणी चालून गेल्या. गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत थांबले आणि तिथेच संगिनींनी मारले गेले, याची कबुली इंग्रजांच्याच हकिगतींत आहे. त्यांच्यामागची पायदळाची फळी मात्र या माऱ्याने खचली आणि दक्षिणेकडचा भाग मोडला.

उत्तरेकडे चित्र उलटे होते. कर्नल ऑरॉकची तुकडी हुकमाचा अर्थ चुकून सरळ असईच्या रोखाने गेली आणि तिच्यामागून ७४ वी हायलँडर्सही. गावाच्या भिंतीआडून आणि बाहेरच्या तोफांतून त्यांच्यावर असा मारा झाला की ७४ व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी मेलेल्या माणसांचा आडोसा करून चौक धरला. मराठी स्वार आणि पायदळ त्यांच्यावर तुटून पडत असताना कर्नल मॅक्सवेलने १९ व्या ड्रॅगून्सचा रिसाला घातला आणि ती पलटण वाचली. इतक्यात दक्षिणेला, जिंकलेल्या तोफांपाशी, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले. त्यांनी तोफांची तोंडे फिरवली आणि पुढे गेलेल्या इंग्रजी फळीच्या पाठीवर गोळे टाकायला सुरुवात केली. वेलस्लीला ७८ वी आणि एक देशी रिसाला घेऊन स्वतः मागे वळावे लागले आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. या गडबडीत त्याच्या अंगाखालच्या दुसऱ्या घोड्याला भाला लागला. पहिला आधीच मेला होता.

पोलमनने एवढ्या वेळात मोडलेल्या पलटणी सावरून जुईकडे पाठ करून नवी फळी धरली होती. मॅक्सवेल तिच्यावर चालून गेला आणि ठार झाला. पण आता या फळीला आधार नव्हता. दौलतराव आणि रघूजी दोघेही रण सोडून निघाले होते. पश्चिमेला उभे असलेले प्रचंड घोडदळ दिवसभर जवळजवळ बघत राहिले. संध्याकाळी सहाच्या सुमारास पायदळाने जुई ओलांडली आणि ते मागे हटले. पाठलाग करण्याचे त्राण इंग्रजी घोड्यांत उरले नव्हते. ९८ तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. त्याचे ४२८ लोक मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. झुंजीत उतरलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक. मराठ्यांचे सुमारे १,२०० मृतदेह मैदानावर पडले होते आणि मेलेले-जखमी मिळून हानी ६,००० च्या घरात धरली जाते. वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याने नेपोलियनला हरवले. तरी रणांगणावर आपण केलेली सर्वोत्तम कामगिरी कोणती असे विचारल्यावर, वयोवृद्ध झाल्यावरही, त्याचे उत्तर असई हेच होते.

पराभवाचा दोष पोलमनवर किती? उताराची चौकी न ठेवल्याचा दोष त्याच्याकडे जातो. पण घोडदळ त्याच्या हुकमाखाली नव्हते. शिंदे, भोसले आणि पायदळाचा परदेशी कर्नल यांच्यात लढाई चालवणारा एक कोणी नव्हता. कवायतीत ही फौज कंपनीहून तसूभर कमी नव्हती. दिशा बदलण्याची ती फिरकी, तोफांवर मरणारे गोलंदाज आणि जुईकाठची दुसरी फळी ही त्याची साक्ष. उणीव होती ती मधल्या आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या फळीत. पंधरा-वीस वर्षे युरोपियनांकडून कवायत घेतली, पण आपल्यातले कॅप्टन आणि कर्नल घडवले नाहीत. याचा पुरावा सव्वा महिन्यात उत्तरेतच मिळाला. १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या पलटणी युरोपियन अधिकारी निघून गेल्यावर, त्यांच्याविना लढल्या. तिथे त्यांनी लॉर्ड लेकला एवढे झुंजवले की चांगले अधिकारी यांच्या माथ्यावर असते तर काय झाले असते, याची धास्ती त्याने स्वतःच लिहून ठेवली. शिपायांना युरोपियनांची गरज तोपर्यंत उरलेली नव्हती. त्यांना गरज होती ती आपल्याच सरदारांनी त्यांच्यावर विश्वास टाकण्याची, आणि ती कुणी भागवली नाही.

२९ नोव्हेंबरला आडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडल्यावर युद्ध संपले. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी तह केला. शिंद्यांच्या तहात एक कलम खास होते. कोणत्याही फ्रेंच माणसाला किंवा इंग्रजांशी युद्धात असलेल्या सत्तेच्या माणसाला, तसेच कंपनीच्या संमतीवाचून ब्रिटिश प्रजेलाही, शिंद्यांनी चाकरीत ठेवायचे नाही. पोलमनसारखी कारकीर्द यापुढे शिंद्यांच्या दरबारी होणे त्या एका कलमाने बंद झाले.

पोलमन मात्र वाचला आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या फौजेत लेफ्टनंट कर्नल म्हणून रुजू झाला. ज्या कंपनीच्या छत्राखालून तो सार्जंट म्हणून निघाला होता, तिच्याच चाकरीत तो अधिकारी होऊन परतला. त्याचा जुना सोबती स्किनरही तिकडेच गेला होता. शिंद्यांकडून आलेल्या स्वारांचा त्याने उभारलेला पिवळ्या अंगरख्यांचा रिसाला आजही भारतीय लष्करात ‘स्किनर्स हॉर्स’ या नावाने आहे.

पोलमनच्या मायदेशाचे त्याच १८०३ साली विचित्र झाले. जूनमध्ये नेपोलियनच्या फौजांनी हॅनोव्हर व्यापले आणि तिथले सैन्य मोडून टाकले. त्यातले हजारो शिपाई समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले आणि राजाच्या नावाने ‘किंग्ज जर्मन लीजन’ उभी राहिली. पोलमन असईला ज्या वेलस्लीशी लढला, त्याच्याच हाताखाली ही लीजन स्पेनमध्ये आणि वॉटर्लूला लढली. १८ जून १८१५ रोजी ला ए सेंतच्या शेतवाड्यात मेजर बेरिंगच्या सुमारे ४०० हॅनोव्हरियनांनी दारूगोळा संपेपर्यंत दम धरला. वाड्यातून ते बाहेर पडले तेव्हा ४२ जण शाबूत होते. त्याच संध्याकाळी ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य वेलिंग्टनच्या मदतीला पोचले. पुढे १८१८ मध्ये प्रशियाच्या राजाने वेलिंग्टनला आपल्या फौजेचा फील्ड मार्शल केले आणि १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर जिंकून आपल्या राज्यात विलीन केले.

इंग्रजी वाचकांत पोलमनचे नाव अलीकडे पुन्हा आले ते बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स ट्रायंफ’ या १९९८ च्या कादंबरीमुळे. तीत असईच्या लढाईबरोबर पोलमनचेही पात्र आहे. असईच्या विजयाबद्दल कंपनीच्या पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले आणि मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तो हत्ती आजही आहे. लढाईचा सन्मान मात्र स्वतंत्र भारताच्या लष्कराने साजरा करायचा नाही असे ठरवून बाजूला ठेवला, कारण तो हा देश जिंकून घेण्याच्या लढायांतला होता.